फाटकाशी उभी असलेली बाई

मानकनगर, लखनौ
मंगळवार, २६ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,

यमूचा वाकून नमस्कार. इथे आम्ही तिघंही ठीक आहोत. तू तुझ्या गुडघ्यांसकट ठीक असशील असं मी धरून चालते, कारण खरं काय ते तू लिहीत नाहीसच.

तुझ्या पुस्तकांचं पार्सल दिवाळीच्या आधी आलं. पोच द्यायला इतका उशीर केला म्हणून तू तिकडे साताऱ्यात फणफणत असशील. सबबी पुष्कळ आहेत. फराळ झाला, मग ह्यांचा खोकला झाला, मग सानिकाच्या मैत्रिणीचं लग्न निघालं, आणि इथलं लग्न म्हणजे आठवडाभर पोरगी घरात सापडत नाही. एवढं सगळं सांगूनही उशीर का झाला ते राहतंच. ते लिहीन ओघात.

पुस्तक देखणं झालं आहे. मुखपृष्ठावर धनुष्कोडीच्या वाळूत तू उभी, सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. ह्यांनी ते पाहून लगेच विचारलं, "शर्मिष्ठाताई सहलीला निघाल्यात की देशाची हद्द मोजायला?" मी म्हटलं, दोन्ही. भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्या म्हणजे असंच होणार. इतकी वर्षं नकाशाच्या गुंडाळीवर छडी फिरवलीस, आता त्या रेघेवर स्वतः जाऊन उभी राहिलीस. देश संपतो ती प्रत्येक जागा डोळ्यांनी बघायची असं ठरवणारी आणि ठरवल्याप्रमाणे करणारी बाई आपल्या घराण्यात तरी दुसरी नाही. मला तुझा अभिमान वाटला ताई. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील.

सोनौलीचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. नेपाळच्या त्या कमानीखालून सायकलला दुधाचे कॅन लावून जाणारा माणूस, त्याला तू मास्तरीणबाईंच्या आवाजात विचारतेस की तू नक्की कुठल्या देशाचा, आणि तो म्हणतो, म्हैस पलीकडे आहे, गिऱ्हाईक अलीकडे. मी तीनदा वाचलं ते. तू तिथे पुढे काही शेरा मारला नाहीस, त्या माणसाला तसाच जाऊ दिलास, हे फार चांगलं केलंस.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचं ग्रंथालय म्हणजे आमच्याच हॉलमधलं लोखंडी कपाट, हे तू पाहिलं आहेस. त्यात सगळ्यात जास्त हाताळला जाणारा कप्पा प्रवासवर्णनांचा. कादंबऱ्या पडून राहतात, पण कुणी वाळवंट ओलांडलं, कुणी बर्फातली खिंड ओलांडली, कुणी परक्या देशाच्या चौकीवर रात्र काढली, अशा पुस्तकांना नंबर लागतात. का कोण जाणे. आम्ही सगळी बदलीची माणसं. बँकेतली, रेल्वेतली, छावणीतली. खरं तर घर सोडून येण्याची हौस आमची फिटलेली असायला हवी. पण छावणीतली सुरेखा, मेजरांची बायको, ती म्हणते की आपण हद्द ओलांडली ती झोपेत, रात्रीच्या गाडीत. म्हणून जागेपणी ओलांडणाऱ्यांचं वाचायला बरं वाटतं. असेल तसंही.

तू साताऱ्यातल्या तुझ्या दारासमोरच्या ब्लॉकबद्दल विचारलं आहेस. बिल्डरला सांगून तू तो आमच्यासाठी थांबवून धरलास, नववर्षाच्या आत हो-नाही कळवायचं आहे, हे माझ्या लक्षात आहे. जानेवारीअखेर हे निवृत्त होतात आणि हे क्वार्टर सोडावं लागणार, तेही खरंच. ह्यांना विचारलं तर म्हणतात, जिथे सकाळी पेपर येतो आणि दुपारी झोप लागते ते माझं गाव, बाकी तू ठरव. म्हणजे झालंच. त्याबद्दल लिहिते.

भाजीवाला ओरडतोय. येते.

*

बुधवार, दुपार

काल परत बसणं झालं नाही. झालं असतं, पण बसले नाही. हे धरून चौथं पत्र आहे ताई. आधीची तीन चुलीत घालता आली नाहीत कारण चूल नाही, म्हणून फाडून टाकली. आता जे आहे ते सरळ लिहिते.

पार्सल आलं तसं मी सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या बहिणीचं पुस्तक, त्यात एक प्रकरण लखनौवर, आमच्या घरावर आहे. अनुक्रमणिका तेवढी पाहिली होती. ते प्रकरण मी मुद्दाम वाचलं नाही, सगळ्यांबरोबर ऐकायचं म्हणून राखून ठेवलं. मंडळाचं वाचन दर महिन्याला असतं, ते या वेळी आमच्याकडे ठेवलं. चिवडा केला, सतरंज्या घातल्या. आणि शेजारच्या निगम भाभींना मी स्वतः जाऊन आग्रहाचं आमंत्रण दिलं. त्यांना मराठी कळतं ते अर्धंमुर्धं, पण म्हटलं, सानिका कानाशी बसून सांगेल. मिरवायची हौस मला, दुसरं काय.

परवाच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी दुपारी सुरेखा वाचायला बसली. तिचा आवाज स्वच्छ आहे, थांबत थांबत वाचते. चौकातल्या गल्ल्या, तुला मुळीच न आवडलेलं ते थंडीतल्या सकाळचं फेसाळ गोड मक्खन, गोमतीचं पाणी, सगळं आलं. लोक हसत होते, आपली गल्ली पुस्तकात आली की माणूस हरखतोच. मग आमचं घर आलं. तू लिहिलं आहेस की माझ्या भाचीच्या तोंडून मराठी गेली. ती ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. एका पिढीत भाषेची हद्द अशी मागे सरकते.

सानिका भाभींच्या कानाशी हे वाक्य न अडखळता हिंदीत सांगत होती. शेवटी हसून म्हणाली, "यानी मौसी को लगता है, हमें मराठी आती ही नहीं।" सगळा हॉल हसला. मीही हसले. तुझं पुस्तक तुझ्या भाचीइतकं नीट त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं, कारण ती एकेक शब्द उचलून दुसरीकडे ठेवत होती. बोलत नाही ती मराठी, कबूल. पण ती तिच्या आत आहे.

मग ते वाक्य आलं. तुला पाठ असेल, मला झालं आहे. "बहिणीच्या मांडणीतली निम्मी भांडी शेजारणीच्या नावाची. इतक्या वर्षांत संसारही पुरता स्वतःचा झाला नाही. परमुलखात माणूस असा वाटीवाटीला मिंधा होतो."

सुरेखा वाचून गेली आणि मग थांबली. सानिकाने एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि भाभींना म्हणाली, "लिखा है कि हमारे यहाँ आधे बर्तन आपके हैं, और आपके यहाँ आधे हमारे। और अब किसी को याद भी नहीं कि कौन सा किसका।"

भाभी म्हणाल्या, "ठीक ही तो लिखा है।" सुरेखा पुढे वाचू लागली.

ताई, तू हुशार आहेस, सगळा देश पाहून आलीस, पण तू चुकलीस. ती भांडी उसनी नव्हेत. आईने रुखवतात दिलेल्या प्रत्येक वाटीवर माझं नाव घालून घेतलं होतं, आठवतं? तसंच भाभींच्या आईनेही घातलं होतं, हिंदीत, कुसुम निगम. तू माझ्या मांडणीत त्यांचं नाव वाचलंस. त्यांच्या मांडणीत माझं नाव वाचायला गेली नाहीस. थंडीत मटार आला की तिकडून तो वाटून केलेला निमोना येतो, इकडून त्याच वाटीत कधी आमटी जाते, कधी दुसरीच वाटी जाते आणि पहिली राहते. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यांच्याकडेही करत नाहीत, मग ते भांडं शेवटी कुणाच्या घरी थांबणार? दोन घरांनी जितकी वर्षं एकमेकांना जेवू घातलं, तितकी नावं इकडची तिकडे झाली आहेत. तुला त्यात मिंधेपण दिसलं. मला राग आला तो याचा.

आणि आणखी एक. प्रकरणाच्या शेवटी तू लिहितेस की रिक्षा वळेपर्यंत बहीण फाटकाशी डोळे पुसत उभी होती, माहेर तिच्या डोळ्यांतून वाहत होतं. वाक्य छान आहे. हॉलमध्ये दोघींनी डोळे पुसले. पण रिक्षात बसताना तू मला काय म्हणालीस ते लिहायचं राहिलं. तू म्हणालीस, "यमे, तुझं इथे आहे तरी काय?" आणि मला उत्तर सुचलं नाही. मी रागाने रडत होते ताई. तुझ्यावरही आणि स्वतःवरही.

तेव्हापासून मी आमच्या कपाटातली पुस्तकं जरा वेगळी वाचायला लागले आहे. हद्द ओलांडणाऱ्यांच्या पुस्तकांत अशी एक बाई नेहमी असते बघ. लेखक गावात येतो, पाणी मागतो, ती पाणी देते, दारात उभी राहते, आणि लेखक पुढे जातो. दोन ओळींची बाई. इतकी वर्षं मी लेखकाबरोबर पुढे जात आले. ती मागे राहून काय करते, हा प्रश्न मला पडलाच नाही. तुझ्या पुस्तकात ती बाई मी निघाले, तेव्हा पडला. ती घरात जाते, कुकर लावते, शेजारणीला हाक मारते. तिला तो परमुलूख वाटतच नाही. परमुलूख लेखकाचा असतो, तिचा नसतो.

आता वाचनाच्या दुसऱ्या दिवशीचं. सोमवारी सकाळी निगम भाभींनी भिंतीवरून हाक मारली. आमच्या दोन अंगणांमधली ती कमरेएवढी भिंत तुला माहीत आहे. त्यांच्या हातात टोपली होती, तीत आमची सगळी भांडी. घासून, पुसून, एकात एक बसवलेली. माझ्या नावाची वाटी मी कितीतरी वर्षांनी पाहिली.

"यमुना जी, ये रख लीजिए। जाते बखत आपको ढूँढ़ना न पड़े।"

मी विचारलं, "भाभी, सानिका ने जो बताया..."

"बिटिया ने बहुत अच्छा बताया। पर बताते हुए आपकी तरफ़ क्यों देख रही थी, इतना तो हम भी समझते हैं।" एवढं बोलून त्या हसल्या. लखनौची माणसं दुखावली की जास्त गोड बोलतात, हे मला इथे राहूनच कळलं. "दीदी ने कुछ ग़लत नहीं लिखा। अपना घर अपना होता है। आप लोग सतारा जाएँगे, तो अपने सामान के साथ जाइए।"

टोपली ओट्यावर ठेवली आणि समोर मांडणीत त्यांची भांडी. रीत म्हटली तर आता मी त्यांची परत करायला हवी होती. मी एक पातेलं खाली काढलंही. ते धरून उभी राहिले आणि मला तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर आलं. तू रिक्षात बसल्यावर यायला हवं होतं, ते इतक्या महिन्यांनी आलं.

आमच्या ह्यांना झटका आला होता त्या वर्षी, तुला मी तारेने कळवलं आणि तू आलीस, ते मी विसरणार नाही. पण तू पोचेपर्यंतचे दिवस कुणी काढले ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. निगम भाभी दवाखान्याच्या जिन्यात माझ्याजवळ बसून होत्या. सानिका त्यांच्या घरी त्यांच्या मुलांत झोपली, तिला बाबा आजारी आहेत हेही कळू दिलं नाही. आणि त्यांच्या सासूबाई गेल्या त्या मांडीवर कुणाच्या? माझ्या. भाभी बाजारात गेल्या होत्या. गंगाजळ मी घातलं. ही काही लिहून ठेवण्यासारखी गोष्ट नाही, प्रवासवर्णनात तर नाहीच. पण माझं इथे आहे ते हे आहे.

नोकरीसाठी माणूस गाव सोडतं, लग्नासाठी सोडतं, मुलाबाळांसाठी सोडतं किंवा धरतं. शेजारणीसाठी कुणी गाव धरून ठेवलेलं तू ऐकलं नसशील. मीही नाही. म्हणूनच इतके दिवस मला स्वतःलाच ते कारण म्हणून सांगता येईना.

मी पुढच्या फाटकाने त्यांच्याकडे गेले. एरवी भिंतीवरूनच बोलणं होतं. भाभी अंगणात उन्हाला खाटेवर बसून मटार सोलत होत्या. निगमसाहेबही येत्या वर्षीच निवृत्त होतात. इथेच आलमबागला बसस्टँडच्या मागे त्यांनी घर बांधलं आहे, खाली ते राहणार, वरचा मजला तुम्ही घ्या असं भाभी दसऱ्यालाच म्हणाल्या होत्या. तेव्हा मी "देखेंगे" म्हणून सोडून दिलं होतं, जसं तुला "लिहिते" म्हणून सोडून देत आले. त्या दिवशी उभ्या उभ्या म्हटलं, "भाभी, ऊपर वाला मकान किसी और को मत दीजिएगा।"

त्यांनी मटारांची टोपली बाजूला ठेवली. मला वाटलं आनंदतील. तर म्हणाल्या, "दीदी को बताया?"

"नहीं।"

"वो अकेली हैं वहाँ। पहले उनको लिखिए। जब तक उनको नहीं लिखतीं, हम आपकी हाँ नहीं सुनेंगे।"

ज्या बाईला तू पुस्तकात दोन ओळींत संपवलंस, ती तुझ्याबद्दल असं बोलली. मी काही तुला लाजवायला लिहीत नाही. तू त्यांना ओळखत नव्हतीस, चार दिवसांत ओळखणार तरी कशी. पण त्यामुळे हे पत्र लिहिणं मला भाग पडलं. आठवडा झाला, भिंतीपलीकडून त्या रोज हसून नमस्कार करतात, हवापाण्याचं बोलतात आणि तेवढ्यावरच थांबतात. वाटी येत नाही. मीही पाठवत नाही. हा आठवडा मला कसा गेला ते सांगत नाही.

तेव्हा ऐक. आम्ही साताऱ्याला येणार नाही. समोरचा ब्लॉक सोडून दे.

लिहिलं शेवटी. अक्षर बिघडलं आहे, तू लाल शाईने खूण करशील.

तू एकटी आहेस हे मला माहीत आहे. भाद्रपदात तू न्हाणीघरात घसरलीस आणि दूधवाली येईपर्यंत तशीच पडून होतीस, हेही माहीत आहे. मला "जरा पाय मुरगळला" एवढंच लिहिलंस. साताऱ्याच्या बाबुरावकाकांनी ह्यांना फोनवर सांगितलं. तो ब्लॉक तू आमच्या सोयीसाठी थांबवलास असं तू लिहितेस, मी परमुलखातून सुटावं म्हणून. पण मला वाटतं, रात्री हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ कुणीतरी हवं, हे तुला म्हणता येत नाही. तू साऱ्या देशाच्या टोकांवर जाऊन उभी राहिलीस आणि "यमू, मला भीती वाटते" एवढं लिहायला धजली नाहीस. लिहिलं असतंस तर मी आले असते का? कदाचित आले असते. आणि इथलं सगळं तुझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये बसून जन्मभर मनात धरून ठेवलं असतं. तुलाही ते दिसलं असतं, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही.

वाईट वाटतं ताई. फार वाईट वाटतं. सकाळपासून दोनदा रडले. या वेळी मात्र कशासाठी रडते ते तुला कळवते आहे, तुला अंदाज बांधावा लागू नये म्हणून.

पुस्तकात काही बदलू नकोस. तुझ्या नजरेला जे दिसलं ते तू प्रामाणिकपणे लिहिलंस. मला एवढंच हवं आहे की तू पुन्हा ये. गेल्या खेपेला सोनौलीच्या वाटेवर होतीस म्हणून आमच्याकडे उतरलीस. या वेळी पुढचं तिकीट काढून येऊ नकोस. परतीचंही काढू नकोस. आलमबागचं घर दुसऱ्या मजल्यावर नाही, पहिल्याच आहे, जिना रुंद आहे, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी केला आहे. उन्हाची खोली तुझी. भाभींशी तुझं पटेल की नाही सांगता येत नाही, दोघींनाही शेवटचा शब्द आपला लागतो.

तू रागावशील. खुशाल रागाव. पण गप्प बसू नकोस, ती तुझी सवय मला मारून टाकते. ब्लॉकसाठी नाही, पुस्तकासाठी नाही, मला चार शिव्या घालायला तरी पत्र लिही.

हे आता लगेच, हातातलं काम टाकून, टपालपेटीत घालून येते. परत येताना भाभींच्या फाटकाशी थांबून सांगेन की लिहिलं.

तुझ्यावर रागावलेली, तुला एकटं ठेवते आहे म्हणून स्वतःवर त्याहून रागावलेली, आणि तरीही इथेच राहणारी,

तुझी
यमू